तीनशे युनिटच्या आतलं बिल

डोंबिवली वेस्टच्या आमच्या सोसायटीत मी तीन घरांना छातीठोकपणे सांगितलंय, की इलेक्ट्रिक गाडी घ्या आणि खुशाल घरच्याच मीटरवर चार्ज करा. तो सल्ला आज मागे घेतेय. का, ते वाचा...

गाडी आम्ही फेब्रुवारीत घेतली. माझं ऑफिस ठाण्यात, कोलशेतला. आधी दोन रिक्षा आणि एक बस करून जायचे, घरी येईपर्यंत पार भुगा झालेला असायचा. डोंबिवलीहून थेट ठाण्याकडे नेणारा माणकोलीचा पूल झाल्यावर मी हट्टच धरला, आता गाडी पाहिजे म्हणजे पाहिजे.

मग प्रश्न आला चार्जिंगचा. एक तर घरच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर ओढायची, नाहीतर गाडीसाठी वेगळा मीटर घ्यायचा. वेगळ्या मीटरला स्लॅबची कटकट नाही, युनिट कितीही जळू देत. पण त्याचा दर महिन्याचा स्थिर आकार वेगळा, अर्ज वेगळा, सोसायटीचं पत्र वेगळं... म्हटलं, कशाला नसती उठाठेव.

घरचा मीटर ठरला. भानगड एकच होती. तीनशे युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटना रेट चांगलाच चढतो. जेवताना मी हे सगळ्यांना समजावलं आणि माझ्या नेहमीच्या स्टाइलमध्ये वर म्हणाले, "तीनशे ओलांडले की मेलो आपण." नितीन, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "ओलांडले तर गाडी विकून टाकू." आम्ही दोघं हसलो. सासूबाई आमटी वाढत होत्या.

पहिलं बिल आलं दोनशे ब्याण्णव युनिटचं. माझा अंदाज साडेतीनशेचा होता. दुसरं त्याहून चार युनिट कमी, तेही एप्रिलच्या उकाड्यात. मी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली भरपूर ज्ञान पाजळलं. लोकांनी अंगठे दिले.

उन्हाळ्यात, वर गाडी चार्ज करून, बिल उतरतं कसं... हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मनासारखं झालं की कोण कशाला खोलात जातंय.

मे महिन्यात एका बुधवारी डोकं ठणकत होतं म्हणून हाफ डे टाकून घरी आले. लिफ्टमधून बाहेर पडले तर आई, म्हणजे सासूबाईच, जिन्याच्या खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या. मानेवर ओला नॅपकिन. मला वाटलं लाइट गेलेत.

आत आले तर फ्रिज चालू. पंखे मात्र सगळे बंद, आणि आईंच्या खोलीतला एसी सुती कव्हर घालून झाकलेला. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, बीपीची गोळी चालू, आणि बाहेर ते तसलं ऊन...

आधी टाळाटाळ केली त्यांनी. "जिन्यात वारा छान येतो गं," म्हणाल्या. मी पिच्छा सोडला नाही, तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं.

आम्ही दोघं ऑफिसला गेलो की त्या पंखे बंद करायच्या. भाजी आणायला उतरल्या की मीटर रूममध्ये डोकावून आकडा बघून यायच्या. आकडा जास्त वाटला तर त्या दिवशी कपडेसुद्धा हाताने धुवायच्या. फ्रिज तेवढा चालू ठेवायच्या, दूध नासेल म्हणून.

खरं सांगते, मला आधी रागच आला. म्हटलं, "आई, तीनशेच्या पुढच्या युनिटनाच जास्त रेट लागतो, सगळ्या बिलाला नाही. आणि लागला तरी असं काय मोठं आकाश कोसळणार होतं?"

"ते मला नाही कळत," आई म्हणाल्या. "नितीन म्हणाला ना, गाडी विकू म्हणून. तू आधी संध्याकाळी यायचीस तेव्हा चप्पल काढायचं त्राण नसायचं गं तुझ्यात. भिंतीला धरून उभी राहायचीस. आता येतेस ती गुणगुणत येतेस. मला काय, दुपारचं कुठेतरी बसायचंच असतं."

 तोंड धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले आणि रडून घेतलं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी नितीनला सांगितलं तर तो ताटावरून उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. आपण गमतीत बोलून मोकळे होतो, आणि घरातलं एखादं माणूस ते पदराला गाठ मारून ठेवतं...

दुसऱ्याच दिवशी वेगळ्या मीटरचा अर्ज केला. सोसायटीचं पत्र, इलेक्ट्रिशियनचा रिपोर्ट, दोन-चार चकरा... झालं एकदाचं. मीटर बसला तेव्हा आईंना खाली नेऊन दाखवला. हा गाडीचा, तो आपला, या दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. त्यांनी मला दोनदा विचारलं, "नक्की ना?"

परवा दोन्ही बिलं आली. मिळून आधीपेक्षा बरीच जास्त आहेत, आणि वीजबिल बघून मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

तर त्या तीन घरांनी, आणि ज्यांचा विचार चाललाय त्यांनी, आपापलं गणित आपणच करा. काहींना घरचाच मीटर परवडेल, माझं त्यावर काही म्हणणं नाही. फक्त बिल कमी आलं तर खूश व्हायच्या आधी घरात विचारा, कोणी काय बंद ठेवलं होतं...

आईंकडे साधा फोन आहे, त्या हे वाचणार नाहीत. आणि आमच्या घरात कोणी कोणाला तोंडावर थँक्यू म्हणत नाही, ते कुणाला जमतच नाही. आज मी म्हणणार आहे.