एकशेवीस मीटरचं धुराडं

सरकारवर माझ्या साडूंइतकं निरपेक्ष प्रेम करणारा दुसरा माणूस उभ्या मराठवाड्यात नसेल, आणि हे मी सरकारी नोकरांना जमेस धरून म्हणतो आहे. आपण कचेरीत जायचं म्हटलं की चार दिवस टाळतो. साडू मात्र सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, जावयाने सासुरवाडीला निघावं तसे निघतात. दिवाळीत त्यांचा चेहरा उतरलेला असतो. सलग चार दिवस कचेऱ्या बंद म्हणजे माणसाने जायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न असतो.

मी लातूरला शाळामास्तर, ते नांदेडचे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढंच आमचं नातं. कुणाला सौर ऊर्जेचा प्रकल्प उभारायचा असतो, कुणाला शेणापासून गॅस करायचा असतो. अशा लोकांना जे पंधरा-वीस दाखले आणि परवाने लागतात ते मिळवून देणं, आणि एखादा नियमच आडवा येत असेल तर तो बदलावा म्हणून मंत्र्यासंत्र्यांपर्यंत निवेदनं पोचवणं, हा त्यांचा धंदा. घराच्या पाटीवर 'शासकीय कामकाज सल्लागार, ऊर्जा व पर्यावरण' असं लिहिलेलं आहे. अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणते की याचा अर्थ नवरा दिवसभर घरी नसतो.

त्यांची कामाची रीत ठरलेली आहे. साहेबाच्या केबिनमध्ये ते आधी कधीही शिरत नाहीत. आधी आवक-जावकच्या टेबलावर जायचं, कारकुनाच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायची, आणि पहिल्या फेरीत काम म्हणून सांगायचं नाही. 'काम सांगितलं की माणूस सावध होतो,' असं त्यांचं म्हणणं. भोकरच्या एका कचेरीत ते असे तीनदा नुसते बसून आले. चौथ्यांदा तो कारकूनच हात जोडून म्हणाला, "काका, एकदा काय काम हाय ते सांगून टाका. मला झोप न्हाई लागून राहिली." घरीही हाच खाक्या. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले तेव्हा पत्रिकेच्या दुसऱ्या प्रतीवर त्यांनी माझी सही घेतली, 'पोचली' म्हणून, तारखेसह. मी चिडलो. ते म्हणाले, "साडूभाऊ, उद्या तुम्ही आला न्हाईत तर माझ्याकडं काय पुरावा?"

लातूरच्या विश्रामगृहावर एकदा कुणी मंत्री आले होते. आवारात निवेदनं घेऊन शंभरेक माणसं उभी. साडूंचंही एक होतं, पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल. बाकीच्यांनी पानंच्या पानं लिहिली होती. यांनी अर्ध्या पानात मागणी आणि खाली 'याबाबत सभेत उच्चारावयाची दोन वाक्ये' असा मजकूर दिला. संध्याकाळी मंत्र्यांनी ती दोन्ही वाक्यं जशीच्या तशी म्हटली. सभेत सगळ्यात जोरात टाळ्या साडूंनीच वाजवल्या आणि शेजारच्याला म्हणाले, "माणूस अभ्यासू दिसतो."

पण त्यांची खरी विद्या वेगळीच होती, आणि तिच्यामुळेच पुढचं सगळं घडलं. प्रत्येक अर्जात ते मुद्दाम एक चूक ठेवत. अगदी ठळक, आंधळ्यालाही दिसावी अशी. "साहेबाला चूक सापडली की त्याचं मन भरतं," हे त्यांनी मला गाडी चालवता चालवता समजावून सांगितलं होतं. "मग तो आणिक खोदत बसत न्हाई. चूकच दिली न्हाई तर तो महिनाभर हुडकत बसतो, आन् शेवटी नसलेली काढतो." साहेब ती चूक शोधत, तांबड्या शाईने गोल करत, साडू कान पकडत, दुसऱ्या दिवशी सुधारलेलं पान जोडत आणि परवाना हातात पडे. तीस वर्षं हे बिनबोभाट चाललं.

हदगावजवळ वाघमारे म्हणून एक आहेत. कापसाच्या जिनिंग गिरणीत फिटर होते. ती नोकरी सोडून त्यांनी कापूस वेचल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या आणि सोयाबीनचं भुसकट दाबून त्याच्या कांड्या करायचा कारखाना काढला. बॉयलरवाले या कांड्या कोळशाऐवजी जाळतात आणि त्यांना पांढरा कोळसा म्हणतात. भुसा वाळवायला एक भट्टी, भट्टीला बारा मीटरचं धुराडं. साडूंनी अर्जात बारावर एक शून्य चढवलं. एकशेवीस मीटरचं धुराडं वाचून कुणीही खुर्चीतून उडेल, ही खात्री.

कुणी उडालं नाही. पर्यावरणाच्या कचेरीत नवीन मॅडम आल्या होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. तेराव्या दिवशी परवाना आला आणि त्यात अट होती, की एकशेवीस मीटर उंचीचं धुराडं बांधल्याशिवाय कारखाना सुरू करता येणार नाही. एवढं धुराडं हदगावात बांधलं असतं तर ते बघायला भोकरहून सहली आल्या असत्या.

मी तेव्हा सुट्टीत नांदेडलाच होतो. वाघमारे परवाना घेऊन आले, जय भीम केला आणि कागद पुढे ठेवला. "काका, बाराचे एकशेवीस कसे झाले?"

टायपिंगची चूक म्हणून सांगणं सोपं होतं. साडूंनी चष्मा काढला. "मी केले. जाणूनबुजून."

त्यांनी सगळं सांगितलं. वाघमारे कागदाची घडी घालून खिशात ठेवायला लागले. मग शांतपणे म्हणाले, "पऱ्हाटी उपटायला सुरू झाली, काका. दोन हप्त्यांत लोक बांधावर जाळून टाकतेत. मग पुढल्या सालापर्यंत मशीन नुसतं बघत बसायचं काय मी?"

अक्काने आणलेला चहा कुणीच घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मीही बरोबर गेलो. साडू आवक-जावकच्या टेबलावर थांबले नाहीत, तिथल्या कारकुनाने तोंड उघडायच्या आत सरळ मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. तेव्हाच मला प्रकरण गंभीर असल्याचं कळलं. वाटेत त्यांनी सांगितलं होतं, की शुद्धिपत्रक निघेल, पण त्यात 'कार्यालयीन चूक' असं पडलं तर मॅडमला खुलासा द्यावा लागेल, आणि त्यांची नोकरी अजून कायम झालेली नाही. म्हणून त्यांनी पत्र लिहून आणलं होतं: सदर चूक माझी असून ती मी हेतुपुरस्सर केली आहे. असं लिहून देणाऱ्या सल्लागाराला कोणती कचेरी पुन्हा उभं करील? मी त्यांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "बघू."

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. "हे असं का करता तुम्ही?"

साडूंनी, आयुष्यात पहिल्यांदाच खाली मान घालून, साहेबांचं मन कसं भरतं ते सांगितलं.

"पण मी तुमचा अर्ज तपासलाच नाही," मॅडम म्हणाल्या. "आधीच्या साहेबांनी जाताना सांगितलं होतं. बाकी सगळ्यांचे कागद नीट बघ, या एका माणसाचे डोळे झाकून घे."

मग मॅडमनी पत्र परत त्यांच्याकडे सरकवलं. न तपासता सही केली ही चूक माझी आहे, मीच तसं लिहिते, म्हणाल्या. साडूंनी पत्र पुन्हा पुढे सरकवलं. "न्हाई मॅडम, चूक माझी हाय." "अहो, सही माझी आहे." असं पाच-सात मिनिटं चाललं. शिपाई दारात येऊन उभा राहिला. चूक आपल्याकडे ओढून घेणारी दोन माणसं त्या कचेरीत त्याने कधी बघितली नसावीत. अखेर दोघांचीही पत्रं फायलीला लागली. मॅडमला वरून समज मिळाली, साडूंना सहा महिने कचेरीत अर्ज घेऊन यायला मनाई झाली, आणि दहाव्या दिवशी शुद्धिपत्रक निघालं. निम्म्या पऱ्हाट्या तोवर जळून गेल्या होत्या. उरलेल्या निम्म्यांवर वाघमाऱ्यांनी कारखाना सुरू केला. नारळ त्यांनी साडूंच्याच हातून फोडवला, आणि साडू तिथे सगळ्यांदेखत रडले. अक्का म्हणाली, धूर गेला असेल डोळ्यांत. भट्टी अजून पेटायची होती.

परत येताना मुदखेडला रेल्वे फाटकात गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "साडूभाऊ, तीस वर्षं मी त्या लोकांना येडं समजत होतो. मला वाटायचं ते चुकीवर खूश होतेत. ते तेवढी चूक गोल करून बाकीचं माझ्या भरोशावर सोडून राहिले होते, आन् मला पत्ताच न्हाई." गेली की रेल्वे, चला, म्हणून मी त्यांना भानावर आणलं.

गेल्या महिन्यात त्या मॅडमची बदली झाली. त्या दिवशी दुपारी शाळेत मला साडूंचा फोन आला. ते कचेरीत जाऊन आले होते. हातात फाईल नव्हती. शिपायाने काम काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, काम न्हाई. त्याला ते पटेना. मॅडमनीही तेच विचारलं. "त्यांना म्हणलं, तुम्ही चालल्या म्हणून आलो. त्यांनी खुर्ची दिली. बसलो जरा वेळ."

"काय बोललात?"

"काही न्हाई. त्याही बोलल्या न्हाईत. पर लई बरं वाटलं."

तासाची घंटा झाली होती, पोरं वर्गात दंगा करत होती, म्हणून मी फोन ठेवला. या माणसाचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला होता. तेवढं सांगायचं राहून गेलं.