आरतीचा तक्ता आणि सकाळची कामं

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी इतिहासात एम. ए. करायला घेतलं. नोकरी बदनापूरला, राहणं जालन्यात आणि वर्ग दर रविवारी. त्यामुळे वाचन व्हायचं ते मुख्यतः गाडीत आणि फलाटावर. प्रकल्पाचे विषय आडनावांच्या क्रमाने वाटले गेले. माझं आडनाव वर्णमालेच्या शेवटाकडचं, त्यामुळे माझ्यापर्यंत येईतो निजामाचा काळ संपला होता, मराठवाड्यातल्या बाजारपेठा संपल्या होत्या, लेणीसुद्धा संपली होती. उरलं ते सोळाव्या शतकातलं जर्मनीतलं न्यूरेंबर्ग शहर, तिथली ख्रिस्ती धर्मसुधारणा आणि तिथलं नागरी जीवन. सर म्हणाले, "तुम्ही नीटनेटक्या आहात, तुम्हाला जमेल." नीटनेटकेपणाचा न्यूरेंबर्गशी काय संबंध, हे मला तेव्हा कळलं नाही. मात्र दोन महिन्यांत मी त्या शहराच्या प्रेमात पडले.

त्याचं कारण असं की ते शहर माझ्यासारखं होतं. इतर ठिकाणी धर्मसुधारणा म्हणजे मूर्ती फोडणं, दंगे, पळापळ. इथे नगर परिषदेने आधी चर्चमध्ये आपल्या पसंतीचे प्रवचनकार नेमले. मग जुन्या आणि नव्या मताच्या दोन्ही बाजूंना सभागृहात बोलावून मुद्देसूद वाद घालायला लावला. मग निर्णय घेतला आणि तो अमलात आणला. मठ बंद करून त्यांची मालमत्ता गरिबांच्या मदतीसाठी लावली, नवी शाळा काढली. चर्चमधली मोठी लाकडी शिल्पाकृती फोडली नाही, नुसती झाकून ठेवली. मला हे फारच आवडलं. झाकून ठेवा, नंतर बघू. आमच्या कार्यालयातही कित्येक गोष्टी अशाच सुटतात.

त्याच सुमारास आमच्या कॉलनीतल्या महादेवाच्या मंदिराचा विषय निघाला.

आमची कॉलनी होण्याआधी तिथे शेत होतं आणि शेताच्या बांधावर महादेवाचं छोटं देऊळ. प्लॉट पडले, घरं झाली, देवळापुढे पत्र्याचा सभामंडप आला. देवळाचे गुरव मात्र तेच राहिले. आधी वडील, मग मुलगा. तो मुलगा आता सत्तरीचा आहे आणि सगळे त्याला गुरवकाका म्हणतात. ते जुन्या वस्तीत राहतात आणि सायकलवरून येतात. संध्याकाळची आरती तेच करायचे. पुरुष आत जायचे, बायका उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या. हा नियम कोणी केला, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मी चौकशी केली, कारण मला नियमाचा उगम माहीत असलेला बरा वाटतो. गुरवकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "मी न्हाई केला. मी आलो तव्हा होता."

विषय काढला तो आमच्या समोरच्या घरातल्या काकूंनी. त्या मूळच्या वाटूरच्या, आयुष्यभर शेती केलेल्या, नवरा गेल्यावर मुलाकडे राहायला आलेल्या. एका सोमवारी आरतीनंतर त्या सरळ म्हणाल्या की गावाकडं आपल्या रानातल्या देवाला त्यांनी स्वतः आंघोळ घातली आहे, आणि इथे येऊन त्या दारात उभ्या आहेत, हे काही बराबर नाही. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण कॉलनीत काहीही ठरवायचं म्हटलं की तक्ता मीच करते. पाण्याच्या टँकरचा तक्ता, गणपतीच्या प्रसादाचा तक्ता, बंद घरांच्या किल्ल्यांचा तक्ता.

मी सभा बोलावली आणि ती न्यूरेंबर्गच्या पद्धतीने चालवली. हे कोणाला सांगितलं नाही. बाजूने बोलणारे तीन, विरोधात बोलणारे तीन, प्रत्येकाला पाच मिनिटं, मधे कोणी बोलायचं नाही. विरोधकांचे पुढारी होते तहसीलमधून निवृत्त झालेले एक भाऊसाहेब. त्यांनी परंपरेवर चार मिनिटं घेतली आणि शेवटच्या मिनिटात आवाज खाली आणून विचारलं की बायकांच्या अडचणीच्या दिवसांचं काय.

वाटूरच्या काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "त्या दिशी शेजारच्या घराशी बदली करून घेऊ. तुम्ही परतूरला लेकीकडं जाता तव्हा तुमच्या घरचं कोण करतं? तसंच."

मंडपात हशा पिकला. भाऊसाहेबही हसले, आणि विरोध तिथेच संपला. ठरलं असं की आरती रोज एका घराने करायची, त्या घरातलं बाई-पुरुष कोणीही आत जायचं, आणि नैवेद्यही त्याच घराने आणायचा. एकतीस घरं, एकतीस दिवस. गुरवकाका सभेला एका खांबाशी बसले होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही. ते सुधारणेच्या विरोधात नव्हते, म्हणून त्यांना विरोधकांत धरलं नव्हतं. बाजूने बोलले नव्हते, म्हणून तिकडेही नव्हतं.

तक्ता मी त्याच आठवड्यात केला. घर क्रमांक, दिवस, आरती, नैवेद्य, मंडपाची झाडलोट, चपलांच्या जागेची झाडलोट, दिव्याचं तेल. पर्यायी घराचा स्तंभ वेगळा. छापून, प्लास्टिकमध्ये घालून मंडपात लावला. पहिले आठ दिवस सगळं उत्तम चाललेलं दिसलं. काकूंनी त्यांच्या दिवशी इतक्या खड्या आवाजात आरती म्हटली की रस्त्यावरची माणसं थांबली. मी गाडीत बसून प्रकल्पाचं तिसरं प्रकरण पूर्ण केलं. त्यात एक वाक्य होतं: परिषदेने निर्णय घेतला आणि शहराने तो स्वीकारला. ते मला फार नेटकं वाटलं होतं.

नवव्या दिवशी आमचं घर. मी आत गेले आणि पाय ओल्यात पडला. गाभाऱ्यात घोट्याला लागेल एवढं पाणी साचलं होतं. पिंडीचं पाणी बाहेर जाण्याची पन्हळ बेलाच्या पानांनी आणि फाटलेल्या दुधाने तुंबली होती. कोपऱ्यात आठवडाभराचं निर्माल्य कुजून वास मारत होतं. तांब्याचा कलश काळा पडला होता आणि समईवर मुंग्यांची रांग लागली होती. मी नवऱ्याला हाक मारली. त्यांनी पँट वर दुमडली, काठीने पन्हळ मोकळी केली, आणि पाणी उतरताना बघत म्हणाले, "हे रोज कोण काढत होतं?"

मी तक्ता पाहिला. मंडपाची झाडलोट होती. चपलांची जागा होती. गाभारा नव्हता. निर्माल्य नव्हतं. कलश घासणं नव्हतं. मी बघितलेली सगळी कामं तक्त्यात होती, आणि ही कामं मी कधी बघितलीच नव्हती, कारण ती पहाटे व्हायची, कॉलनी उठायच्या आधी.

"आणि काका कुठं हायेत?" नवऱ्याने विचारलं. "सात-आठ दिवस झाले, सायकल दिसली न्हाई. तुझ्या कागदात त्यांचं काय लिवलं?"

काहीच लिहिलं नव्हतं. एकतीस घरांत त्यांचं घर नव्हतं, कारण ते कॉलनीत राहत नव्हते. त्यांना काढायचं असं कोणी ठरवलं नव्हतं. सभेत तसा शब्दही निघाला नव्हता. पण रोजची आरती त्यांच्याकडून गेली, आणि आरतीच्या ताटात पडेल त्यावर त्यांचं घर चालायचं, तेही गेलं. एवढं सगळं माझ्या एका छापील कागदाने झालं होतं, आणि मला ते कळायला पाण्यात पाय पडावा लागला.

रविवारी वर्ग बुडवून मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात सायकलची साखळी साफ करत होते. त्यांच्या घरच्या काकू ओसरीवर कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. बोलणं सुरू झालं तरी हात थांबला नाही. मी माफी मागितली. दिलगिरीचं व्यवस्थित वाक्य मी रस्त्यातच तयार केलं होतं. काकांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"बाई, मला काढलं असतं तर मी भांडलो असतो," ते म्हणाले. "पंचवीस घरं माझ्या बाजूनं उभी केली असती. तुम्ही तर इसरल्या. इसरलेल्या माणसानं कोणासंग भांडावं?"

 मी पर्स उघडून सुधारित तक्ता काढला. त्यात दर गुरुवार त्यांना दिला होता, आणि एकतीस घरांचे दिवस मी त्यासाठी नव्याने बसवले होते. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला आणि परत दिला.

गुरुवार नको म्हणाले. संध्याकाळची आरती सगळ्यांनी करावी, त्याला त्यांची ना नव्हती. वाटूरच्या काकूंचा आवाज त्यांना रस्त्यावरून जाताना ऐकू आला होता आणि बरं वाटलं होतं. पण सकाळचं काम वार वाटून होत नाही. पाणी कुठे मुरतं, कोणत्या फटीतून मुंग्या येतात, बेल पालथा कसा वाहायचा, देठाची गाठ का तोडायची, हे रोज तिथे असणाऱ्याला कळतं. म्हणून सकाळ त्यांना पाहिजे होती, सगळी, पूर्वीसारखी. आणि सकाळी जे देवापुढे येईल ते त्यांचं. त्याबदल्यात ज्या घराचा दिवस असेल त्याला आदल्या संध्याकाळी येऊन सगळं शिकवायची त्यांची तयारी होती.

मी लगेच हो म्हणाले. सभा न घेता, कोणालाही न विचारता. असं मी आयुष्यात क्वचित केलं आहे.

तेवढ्यात ओसरीवरून काकू बोलल्या. त्या वात वळायच्या थांबल्या होत्या.

"तुमच्या कागदात समद्या घरच्या बाया हायेत म्हनं?"

मी म्हटलं, हो, सगळ्या.

"मंग यांच्या घरची बाई कुठं हाय?"

काकांनी साखळी खाली ठेवली. त्यांच्याही ते लक्षात आलं नसावं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, आणि मला जरा धीर आला. काकू बोलत होत्या. लग्न होऊन आल्यापासून वाती त्या वळतात, बेल त्या निवडतात, नैवेद्य कितीदा त्यांनी रांधून सायकलवर बांधून दिला आहे. पण त्या कधी उंबऱ्याच्या आत गेल्या नाहीत. कॉलनीतल्या कालच्या बायांनी जायचं आणि त्यांनी नाही, असं असेल तर सुधारणा काय झाली, असा त्यांचा सवाल होता. रागाने नाही, अगदी हिशेबी आवाजात विचारला होता.

मी सांगितलं की सकाळी काकांबरोबर त्या येऊ शकतात, रोज. कोणी अडवणार नाही.

"अडवायला उठतंय कोण तव्हा," त्या म्हणाल्या आणि पुढची वात घेतली.

त्या आठवड्यात मी दोन कामं केली. भाऊसाहेबांच्या घरी जाऊन झालेला बदल सांगितला. ते म्हणाले, सभा न घेता ठरवलं ते बिलकुल नियमात बसत नाही, पण आमच्या आदल्या दिवशी त्यांच्या घराचा दिवस होता आणि तेही पाण्यात उभे राहिले होते, तेव्हा असू द्या. दुसरं काम, तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलं. न्यूरेंबर्गच्या मठांमध्ये बायकांचेही दोन मठ होते. तिथल्या जोगिणींनी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींनी, मठ सोडायला नकार दिला. परिषदेने त्यांना हाकललं नाही, नवीन कोणाला आत येऊ दिलं नाही, एवढंच. त्या एकेक करून म्हाताऱ्या झाल्या आणि शेवटची गेल्यावर मठ संपला. हे मी आधी एका ओळीत उरकलं होतं, कारण परिषदेच्या बाजूने पाहिलं तर तो प्रश्न छान सुटलेला दिसतो. आता त्यावर साडेतीन पानं झाली. शहराने तो स्वीकारला हे वाक्य खोडलं. सरांनी समासात लिहिलं, "विस्तार जरा जास्त." मी कमी केला नाही. गुण बरे पडले.

पण या सगळ्याआधी, त्या रविवारनंतरच्या सोमवारी, मी पहाटेच देवळाकडे गेले. बदनापूरची गाडी पकडायची होती, त्यामुळे हातात डबा आणि खांद्याला पिशवी होती. उजाडत होतं. सायकल मंडपाबाहेर टेकवलेली होती आणि तिच्या मागच्या कॅरिअरवर घडी केलेलं पोतं होतं, कोणी तरी बसून आल्यासारखं. काका आत वाकून पिंडीवरचं जुनं फूल-पान गोळा करत होते. काकू उंबऱ्यावर उभ्या होत्या, पदर खोचून, वातींचं गाठोडं हातात घेऊन.

"ये की," काका आतून म्हणाले. "काय पाहायलीस?"

काकूंनी उजवा पाय आत टाकला. मी बाहेरच थांबले; ती वेळ माझी नव्हती. त्यांनी पिंडीकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला. नमस्कार केला, जरा वेळ लावून. मग वळून नवऱ्याला म्हणाल्या, "इथं तर लई अंधार हाय की हो. मी म्हनायची, ह्या माणसाला इतक्या वाती लागतात कशाला."

काका हसले ते बाहेरपर्यंत ऐकू आलं. काकूंनी खाली बसून एक समई पुढे ओढली, तिच्यातली जळकी वात चिमटीने काढून टाकली, आणि जाडी बघून दुसरी निवडायला लागल्या. ती पसंत पडेना, म्हणून तिसरी घेतली. मी घड्याळ पाहिलं आणि स्टेशनकडे निघाले.