इंजिनाला लावलेला कान

आमच्या जुन्या डिझेल गाडीच्या टपावर दोन भोंगे होते आणि मागच्या सीटवर कायम पत्रकांचे गठ्ठे. माझी अक्षरओळख अशाच पत्रकांवर झाली, गाडी यायच्या कितीतरी आधी. स्वतःचं नाव लिहायच्या आधी मी 'जागे व्हा' लिहायला शिकले. वडील शिक्षक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी घेतली ती फक्त गावोगाव फिरायला.

तेव्हा आमचं काम चाललं होतं कमी पटाच्या शाळा बंद करण्याविरुद्ध. पोरं थोडी आहेत म्हणून गावच्या शाळेला कुलूप लावायचं आणि त्या पोरांनी ओढे ओलांडून दुसऱ्या गावाला जायचं, याला वर बसलेली माणसं नियोजन म्हणतात. मी याला चोरी म्हणते.

कळंबहून धाराशिवकडं येत होतो. अण्णा गाडी चालवत होते, मी शेजारी माईक घेऊन बोलत होते. एक मोटारसायकलवाला मागून आला, गाडीच्या बरोबरीनं चालू लागला आणि हात करून काहीतरी ओरडू लागला. अण्णांना वाटलं, त्याला पत्रक हवंय. त्यांनी खिडकीतून एक दिलं. त्यानं ते दातात धरलं आणि पुन्हा आमच्या बॉनेटकडं बोट केलं. अण्णांनी खुशीत आणखी दोन दिली.

शेवटी तो पुढं जाऊन आडवाच थांबला. "आवो, कागदं नकोत मला! गाडी मराया लागलीय तुमची. आदी ते भाषण बंद करा, मग ऐका."

मी माईक बंद केला. खालून ठोके येत होते, रिकाम्या उखळात कुणी मुसळ घालावं तसे.

"काय म्हणतोय तो?" अण्णांनी विचारलं.

"इंजिन वाजतंय, अण्णा."

"कुठं वाजतंय? चांगलं चाललंय की."

मोटारसायकलवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मग पत्रकांची घडी करून खिशात घातली आणि गाडी ओढायला ट्रॅक्टर बघायला गेला.

आई बरेच दिवस म्हणत होती, यांना कमी ऐकू येतंय, यांच्या हातातनं गाडी काढून घ्या. अण्णा म्हणायचे, लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करू? माझ्याकडं लायसन होतं, पण स्टेअरिंग त्यांनी कधी दिलं नाही. गाडी सुटली की काम सुटलं आणि काम सुटलं की माणूस संपला, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. म्हणून मीही गप्प राहत होते.

गाडी ओढून धाराशिवच्या गॅरेजात नेली. तिथले मिस्त्रीचाचा अण्णांचे जुने दोस्त, जिभेला धार असलेले.

"गुरुजी, ह्यो आवाज आजचा न्हाय. लई दिवस गाडी बोंबलत आसंल. तुमी ऐकलं न्हाय?"

"आम्ही लोकांना ऐकवायला निघतो, मिस्त्री."

"ते दिसतंयच. ऐकायचं खातं कुणाकडं दिलंय?"

अण्णा हसले. पण हसायच्या आधी त्यांनी चाचांच्या ओठांकडं नीट पाहिलं होतं. ते मी बघितलं.

चाचांनी इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवला. काळ्या तेलात जरीच्या चुऱ्यासारखं काहीतरी चमकत होतं. मग बेअरिंग काढली. बेअरिंग म्हणजे गोळ्यांचं चाक असेल असं मला वाटलं होतं. ही तर अर्ध्या बांगडीसारखी पातळ पट्टी निघाली. तिच्यावरचा राखाडी थर घासून गेला होता, खालचं तांबं उघडं पडलं होतं. ती ज्या दांड्याला धरून असते त्या क्रँकलाही चरे पडले होते. तो लेथवर घासून आणला, त्याच्या मापाची नवी बेअरिंग आली. चाचांनी प्रत्येक पट्टीला बोटानं तेल चोळून बसवलं, नट आवळले आणि क्रँक हातानं फिरवून पाहिला.

त्या गॅरेजची एक रीत आहे. इंजिन बांधून झालं की चालू इंजिनावर पेचकस, म्हणजे लांब स्क्रूड्रायव्हर, टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि मालकानं स्वतः ऐकून 'बरोबर' म्हणायचं. त्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही.

इंजिन चालू झालं. चाचांनी पेचकस अण्णांच्या हातात दिला. अण्णा वाकले, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले. बाजूच्या गाड्यांवर काम करणारी माणसं हात थांबवून बघू लागली.

"बोला गुरुजी. बरोबर?"

'बरोबर' म्हणायला काय लागतं? मान हलवली असती तरी चाललं असतं. त्यांनी तसं करावं, असं मला फार वाटत होतं. आणि त्यांनी तसं केलं तर उद्या मी कुठल्या तोंडानं त्यांच्या शेजारी बसून खरं बोला म्हणून ओरडणार, हेही वाटत होतं.

अण्णांनी पेचकस कानापासून काढला.

"हाताला थरथर कळतीय," ते म्हणाले. "आवाज न्हाय येत. रस्त्यावरचा तो ठोकाही मला ऐकू आला नव्हता."

सभेत बोलावं तसं मोठ्यानं बोलले. सगळ्या गॅरेजनं ऐकलं. चाचा कापडानं हात पुसत राहिले.

अण्णांनी पेचकस माझ्यापुढं केला. "तू लाव कान."

मी ऐकलं. आत एकसारखी सरसर होती, ठोका कुठंच नव्हता.

"बरोबर आहे," मी त्यांच्याकडं तोंड करून म्हटलं.

"मंग ताई, सुरवातीला दमानं चालवा," चाचा मला म्हणाले. "नवी बेअरिंग हायती, लई ताणू नका."

अण्णा गाडीला वळसा घालून डावीकडं गेले आणि माझ्या नेहमीच्या जागी बसले. मी सावकाश गाडी बाहेर काढली. ते खिडकीतून सोयाबीनची रानं बघत होते. मला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण बोलायचं तर ओरडावं लागलं असतं.

आमच्या गावाच्या कमानीशी आल्यावर तेच बोलले.

"घरी तू काही बोलू नकोस. तुझ्या आईला मीच सांगणार."