रपट्यावरची डहाळी

युसूफभाऊ दवाखान्यात पोचले की आधी नमस्कार नाही, हजेरीची सही नाही. सायकल कडुनिंबाला टेकवायची, पँटच्या पायाला लावलेली क्लिप काढून खिशात टाकायची आणि उभ्या उभ्या रस्त्याची बातमी द्यायची. "दुसऱ्या मोरीपाशी डुकरं, पाच-सहा. एक सांबर पानी पिऊन गेलं. मोठा नाई आज." मोठा म्हणजे वाघ. त्या रस्त्यावर त्याचं नाव कुणी घेत नाही. मी रुजू झाले त्या पहिल्या सकाळी हे ऐकलं आणि मनात म्हटलं, झालं कल्याण, ड्रेसर मागितला आणि जंगलाचा वार्ताहर मिळाला.

मी जनावरांची डॉक्टर. आमचा दवाखाना बोडीटोल्याला. दोन खोल्या, समोर जनावर उभं करायचा लाकडी खोडा, आणि माणसं दोन, मी आणि मलमपट्टी करणारे ड्रेसर युसूफभाऊ. दोघंही राहायला सिंदेवाहीत. मधलं अंतर तेरा किलोमीटर, त्यातलं सात-आठ निखळ जंगल. मी नव्या पांढऱ्या गाडीने जायची, ते सायकलने. उन्हाळ्यात दवाखाना सकाळी सातचा, म्हणून ते साडेपाचलाच निघत. नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाच्या, रपट्याच्या अलीकडे कुठेतरी माझी गाडी त्यांना मागे टाकी आणि ते माझ्या धुळीत एक हात वर करत. मला लाज वाटायची हो. पन्नाशी उलटलेला माणूस पायडल मारतोय आणि मी काचा लावून, एसी लावून एकटी. कितीदा म्हटलं, भाऊ, बसत जा माझ्यासोबत. प्रत्येक वेळी एकच उत्तर. "मॅडम, गाडीतून रस्ता दिसते. जमीन दिसत नाई."

मला वाटलं, हे त्यांचं असंच एक बोलणं. त्यांच्याकडे अशा बोलण्यांचा साठा होता. गाय सहा दिवस चरली नाही आणि मालक म्हणतोय कालपासूनच, की हे गाईच्या कपाळावर हात ठेवून तिलाच सांगत, "तू बोल वं माय, हा तर खोटा बोलून राह्यला." माझ्याबद्दलचं त्यांचं मतही गावभर ठाऊक होतं. "मॅडमचा हात हलका, जबान भारी." खोटं कशाला बोलू, ते खरंच होतं. कापूस संपला, फिनाईल सांडलं, पाच मिनिटं उशीर झाला, मी आवाज चढवायची. ते शांतपणे सगळं ऐकून घेत आणि मी थांबले की विचारत, "झालं?" त्या "झालं"ने मी आणखीच भडकायची.

जमीन दिसते म्हणजे काय, ते मला पहिल्या मोहाच्या दिवसांत कळलं. मार्च-एप्रिलमध्ये मोह रात्रभर गळतो आणि बायका तांबडं फुटताच टोपल्या घेऊन फुलं वेचायला निघतात. कोणती झाडं कुणाच्या घरची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. झाडाखाली वाकून, जमिनीकडे बघत तास दोन तास वेचायचं, आणि वाकलेलं माणूस मोठ्याला माणूस वाटत नाही. युसूफभाऊ सायकलवरून डांबराच्या कडेची धूळ वाचत येत. रात्रीच्या ट्रकच्या चाकाच्या ठशावर पाय उमटलाय की पायावर चाक, म्हणजे आधी कोण गेलं, कुठल्या बाजूला उतरलं, किती वेळ झाला. ज्या पायवाटेला ताजा पाय वळलेला दिसे, तिच्या तोंडाशी ते पळसाची हिरवी डहाळी आडवी टाकत. डहाळी दिसली की बायांनी मागे फिरायचं. डहाळी नसली तर वाट मोकळी. गावाच्या शिवेवर बाया त्यांची वाट बघत थांबत. सायकल आली, गेली, की समजायचं, रस्ता पाहून झाला. मग निघायचं. बारा वर्षं हे असं चालू होतं आणि कुणी कागदावर लिहिलं नव्हतं.

या बायांमध्ये सोमीबाई सगळ्यात पुढे. दसरूभाऊंची बायको, उंच, सुकलेली, हसली की सगळे दात दिसत. तिची तीन झाडं रपट्याजवळच्या वाटेवर. युसूफभाऊंची ती रोज फिरकी घ्यायची. म्हणायची, या सायकलीचं हाडूक आधी मोडते का तुमचं, तेच पाह्यचं आहे आमाले. आणि तेंदूची टेंभरं पिकली की पळसाच्या पानात बांधून त्यांच्या कॅरियरला अडकवायची. ती टेंभरं ते मला आणून देत. स्वतः एखादंच खात.

आता त्या दिवसाचं सांगते. चार वर्षं झाली. जिल्ह्याहून साहेब तपासणीला येणार होते आणि सातला हजर राहा असा निरोप होता. आदल्याच दिवशी युसूफभाऊंची सायकल पंक्चर होऊन ते अर्धा तास उशिरा पोचले होते. मी सांगितलं, उद्या सायकल नाही, माझ्या गाडीत बसायचं. ते म्हणाले, "आन् रस्ता?" मी म्हटलं, एका दिवसाने काही बिघडत नाही. हे वाक्य मी म्हटलंय, दुसऱ्या कुणी नाही.

सकाळी ते माझ्या शेजारी बसले, धुतलेला शर्ट घालून, गुडघे जुळवून. त्यांना पट्टा लावता येईना, मी लावून दिला. जंगल लागलं तसे ते काचेला नाक लावून खाली बघू लागले. मी साठाच्या वेगात होते. रपट्यावर ते म्हणाले, "मॅडम, जराक थांबवा. धुळीत काई तरी आहे." मी घड्याळ बघितलं, पावणेसात. म्हटलं, येताना बघू. त्यांनी पुन्हा एकदा "मॅडम" म्हटलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

गावाच्या शिवेवर सोमीबाई टोपली घेऊन एकटीच उभी होती. बाकीच्या बाया अजून यायच्या होत्या. युसूफभाऊंना गाडीत बसलेलं बघून ती हसायला लागली, तोंडावर हात ठेवून. त्यांनी काचेआडून हात वर केला, पंजा तिच्याकडे करून, थांब म्हणून. काच खाली कशी करायची त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मी समोर बघत होते. सोमीबाईनेही हात वर केला. रोज धुळीत ते मला हात करत तसाच तो तिला वाटला असणार. आरशात मला ती रपट्याच्या दिशेने चालू लागलेली दिसली.

दवाखान्यात उतरल्या उतरल्या ते म्हणाले, मी पायदळ रपट्यापर्यंत जाऊन येतो. मी म्हटलं, आणि खोडा कोण धुणार? साहेब दारात आले तर मी काय सांगू? युसूफभाऊंनी बादली उचलली.

आठच्या सुमारास बोंब उठली. साहेब साडेदहाला आले.

रपट्याजवळच्या वाटेवर डहाळी नव्हती, म्हणून सोमीबाई आत गेली होती. टोपली अर्धी भरलेली होती. युसूफभाऊंनी आजवर वाघाने मारलेल्या शेकडो जनावरांच्या मानेवरचे दात पट्टीने मोजून मला आकडे सांगितले होते. त्या दिवशी ते पंचनाम्यापासून वीस पावलांवर रस्त्याच्या कडेला बसून होते. त्यांच्या पुढ्यात, धुळीत, मोठ्याच्या पायाचा ठसा होता. ट्रकच्या चाकावर उमटलेला, धारदार कडांचा. एवढा स्पष्ट की मलाही कळला.

संध्याकाळी दसरूभाऊंच्या अंगणात गाव जमलं. लोक रागात होते, कुणाचं नाव घ्यावं ते त्यांना सुचत नव्हतं. युसूफभाऊ उभे राहिले. "चूक माही आहे," ते म्हणाले. "मी रस्ता न पाहता आलो. सोमीबाईनं मले पाह्यलं आन् तिले वाटलं रस्ता पाहून झाला. मी गाडीत बसाले नाई पाह्यजे होतं." गाडी कुणाची होती, ते थांबवा म्हणाले होते की नाही, यातलं एक अक्षर नाही. मी मागच्या ओळीत, कुडाच्या भिंतीला टेकून उभी होते. माझी ती भारी जबान टाळूला चिकटली होती. दसरूभाऊंनी मान खाली घातली आणि कुणीही युसूफभाऊंना शिवी दिली नाही, हे मला जास्तच बोचलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम उलटा केला. शिवेवर थांबून प्रत्येक बाईला सांगितलं. "आता डहाळी दिसली तर जा. नाई दिसली तर घरी. मी मेलो, बिमार पडलो, नाई आलो, तरी घरी." एवढी साधी गोष्ट बारा वर्षं त्यांना सुचली नव्हती, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. कारण जुन्या नियमात न आलेला माणूस आणि मोकळी वाट, दोन्ही सारखीच दिसत होती. त्यानंतर सकाळची बातमी बंद झाली. ते यायचे, क्लिप काढायचे आणि बादली उचलायचे. मी ओरडले तरी "झालं?" विचारायचे नाहीत. मग मीच ओरडणं सोडलं.

एकदा खोड्याशी दोघंच असताना मी धीर केला. म्हटलं, युसूफभाऊ, त्या दिवशी मी... त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "मॅडम, दार माह्या बाजूनंही होतं. मी नाई म्हनू शकत होतो." एवढं बोलून ते पाणी आणायला गेले. मी स्वतःची समजूत घातली की चला, निदान बोलले. पण बोलायचं होतं ते त्यांच्याशी नव्हतंच. ते मला कळत होतं, आणि मी रोज त्याच गाडीने दसरूभाऊंच्या घरावरून जात होते. दोनदा बदली आली. दोन्ही वेळा मी खटपट करून थांबवली. लोकांना वाटलं, बाईला गाव आवडलं.

युसूफभाऊ निवृत्त झाले. वाटलं, आता तरी घरी बसतील. पण मोह गळायला लागला की हे पहाटे सायकलवर हजर. दवाखान्यात यायचं कारण नव्हतं, तरी शिवेपर्यंत येत, डहाळ्या टाकत आणि तसेच परत जात. सव्वीस किलोमीटर, साठीतला माणूस, छातीत कफ. मी एकदा गाडी थांबवून म्हटलं, भाऊ, सायकल मागे बांधू, बसा, परतीचा रस्ता तरी. त्यांनी गाडीकडे असं बघितलं की मी काच वर केली आणि निघाले.

यंदा मोह गळायला लागला त्याच आठवड्यात ते गेले. तीन दिवस ताप, मग चंद्रपूरचा दवाखाना, तिथेच संपलं. सिंदेवाहीच्या कब्रस्तानात बोडीटोल्याची वीस-पंचवीस माणसं आली होती. तिथल्या मौलवींनी विचारलं, ही कोण मंडळी, तर कुणीतरी सांगितलं, यांच्या रस्त्यावरची. मी बायकांसोबत फाटकाबाहेर होते. मूठमाती देऊन दसरूभाऊ बाहेर आले, हाताची माती धोतराला पुसत. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. युसूफभाऊ थांबा म्हणाले होते, दोनदा म्हणाले होते, नंतर पायी जातो म्हणाले, तेही मी जाऊ दिलं नाही. त्यांनी अंगणात सगळं स्वतःवर घेतलं आणि मी गप्प उभी राहिले. बोलताना मी रडत होते, पण त्या रडण्याला आता काय किंमत.

दसरूभाऊंनी दुसराही हात धोतराला पुसला. मग म्हणाले, "ठाऊक आहे बाई. गाडी तुमची, चालवत तुमी होत्या. बसणारा कसा थांबवन? गावाले सारं ठाऊक होतं."

मी विचारलं, मग तुम्ही मला बोलला का नाहीत?

"युसूफभाऊनं आमाले बजावलं होतं. मॅडमले कोनी काई म्हनू नोका, त्या सोताहून येतीन." त्यांनी फाटकातून आत, ताज्या मातीकडे बघितलं. "दर मोहाले शिवेवर भेटला का इचारे मले. आल्या का मॅडम? मी म्हनो, नाई आल्या. तर म्हने, येतीन."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडीने निघाले. शिवेवर बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. डहाळी कुठेच नव्हती आणि एकही बाई पुढे गेली नव्हती. मी उतरले, रपट्यापर्यंत चालत गेले आणि धुळीत वाकून बघितलं. पाच वर्षं जनावरांचं शिक्षण घेतलं मी, शपथेवर सांगते, मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी मागे आले आणि त्यांना घरी जा म्हटलं.

आता मी सायकलने जाते. गुडघे दुखतात, जंगलात मी उगाच घंटी वाजवत राहते, आणि रोज दसरूभाऊ रपट्यापर्यंत येऊन, युसूफभाऊंकडून जेवढं उचललं तेवढं, मला धूळ वाचायला शिकवतात. आम्ही दुसरं काही बोलत नाही. ज्या सकाळी मला खात्री नसते, त्या सकाळी मी डहाळी टाकत नाही. बाया रिकाम्या टोपल्या घेऊन मागे फिरतात, जाताना मला शिव्या घालतात, आणि मी त्या शेवटपर्यंत उभी राहून ऐकते.