नावावर चिकटवलेला चेहरा

लातूरहून मुखेडला जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. आम्ही उशिरा निघालो, कारण अध्यक्षांना फेटेवाला मिळत नव्हता.

आमच्या सेवा मंडळाची ही सहल. महिनाभरापूर्वी मुखेडला डोळे तपासले होते, आता चष्मे वाटायचे होते. आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं मंडळाच्या खोलीत स्टिकर चिकटवत बसलो. प्रत्येक डबीवर चष्मेवाल्याने पेनाने नाव आणि नंबर लिहिला होता. सचिव म्हणाले, पेनातलं नाव फोटोत बरं दिसत नाही, स्टिकर त्यावरच येऊ द्या. स्टिकरवर मंडळाचं चिन्ह आणि अध्यक्षांचा हसरा चेहरा. निदान चाळीस मी चिकटवले. डब्यांच्या ढिगाचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आला, त्याला मी अंगठाही दिला.

रस्ता चाकूर, शिरूर ताजबंद, जांब, मुखेड असा. शिरूरच्या पुढे खड्डे आहेत, पाठीची तयारी ठेवा. शिरूरला गरम भजी, तळलेली मिरची आणि चहा घ्या. तीस-चाळीस रुपयांत भागतं. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. मला फार बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवते. सेवेला निघालेल्या माणसाला सगळंच बरं दिसतं.

मुखेडच्या सभागृहात माणसं आठपासून बसली होती. आम्ही साडेअकराला पोचलो. मग सत्कार. आम्हीच आमचा. शाली आम्ही नेल्या आणि आम्हीच पांघरल्या. तासाभराने सचिवांनी नाव पुकारायला पहिली डबी उचलली आणि थांबले. नाव नव्हतं. मी नखाने स्टिकर खरवडला. खालचा कागद त्याच्याबरोबर सोलून निघाला.

अध्यक्षांना बाजूला घेऊन म्हटलं, सगळे परत नेऊ. चष्मेवाला यंत्रावर नंबर मोजून देईल, डॉक्टरांच्या यादीशी जुळवू, आठ दिवसांनी पुन्हा येऊ. त्यांनी व्यासपीठावर बसलेल्या पाहुण्यांकडे पाहिलं. मग हळू आवाजात:

"चाळिशीच्या पुढं सगळ्यांचे नंबर एकोणीस-वीसच असतात, ताई. वाटून टाका."

वाटले.

सोजराबाई नावाच्या म्हातारीने चष्मा लावला आणि व्यासपीठाकडे पाहून म्हणाली, "एक अध्यक्ष लई हुते, आता दोन दिसायलेत." लोक हसले. अध्यक्षही हसले. ते हसणं फोटोत छान आलंय.

गफूरचाचा हसले नाहीत. ते शिंपी. बाजारात त्यांचं मशीन, दोन महिन्यांपासून कापडाखाली झाकलेलं. जुना चष्मा फुटला तेव्हापासून त्यांना माणूस दिसतो, सुई दिसत नाही. खिशातून ते सुई-दोरा घेऊन आले होते. चष्मा लावला, दोरा ओठांत ओला केला आणि सगळ्यांसमोर ओवू लागले. पाचव्यांदाही दोरा सुईच्या बाजूनेच गेला.

"सवय होईल हळूहळू, चाचा," अध्यक्ष म्हणाले.

"डोळा माझा हाय, साहेब. सवय चष्म्याला लावा."

फोटोवाल्याने त्यांना तोच चष्मा लावून उभं केलं. फोटो झाल्यावर त्यांनी तो डबीत घातला आणि माझ्या हातात ठेवला. बाकी कुणी परत दिला नाही. मी दारात उभी राहून एकेकाकडे मागत होते, चुकीचा आहे, बदलून देऊ, म्हणत होते. एका बाईने डबी पदराखाली घेतली.

"दिलेलं परत मागायलाव व्हय?"

आठपासून साडेअकरापर्यंत तिने आम्हाला ओळखलं होतं.

पुढच्या रविवारी यादीतून चाचांचा नंबर काढून, चष्मा करवून एकटी एसटीने गेले. वाटेत बस बदलावी लागते, पण खिडकीशी जागा मिळते आणि कुणी फेटा बांधत नाही. मशीनवर अजून कापड होतं. चाचांनी चष्मा लावला. दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला. त्यांनी गाठ मारली, मशीनवरचं कापड काढून त्याची नीट घडी घातली. मग काचांच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"बाकीच्यांचं कसं करायलाव?"

हाच प्रश्न मी मंडळाच्या बैठकीत विचारला. उत्तर मिळालं की मुखेड झालं, आता नायगाव घेऊ. स्टिकर शिल्लक आहेत.

तुम्हीही अशा कामाला निघणार असाल तर जरूर निघा. डबीवरचं नाव तेवढं राहू द्या.

यादी माझ्या टेबलावर आहे. एका नावापुढे खूण आहे. गटावर चाचांचा फोटो फिरतोय, नाकावर दुसऱ्याच कुणाचा तरी चष्मा. आणि शनिवारच्या ढिगाच्या फोटोखाली माझा अंगठा अजून तसाच आहे. काढता येतो. मी काढलेला नाही.