पांढऱ्या पट्ट्यांवरची रेती

त्या वर्षापर्यंत मी रंगवलेल्या कुठल्याच गोष्टीवर कुणी पाय ठेवला नव्हता. दुकानांच्या पाट्या, टेम्पोची मागची फळी, बालवाडीच्या भिंतीवरचे पाढे, सगळं उभं. लोक बघायचे, वाचायचे, पुढं जायचे. आडवं रंगवायची पाळी माझ्यावर महाडला आल्यावर आली.

मी लातूरकडचा. नववीत शाळा सोडली आणि एका पेंटरच्या हाताखाली ब्रश धुवायला लागलो. महाडला ओळखीच्या माणसानं कामाला बोलावलं, तो काम सोडून गेला, मी राहिलो. शहराबाहेर पोलादपूरच्या बाजूला जी वस्ती वाढतेय, तिथं एका काकींच्या पडवीची खोली भाड्यानं मिळाली. पहिल्या आठवड्यात मला ताप भरला, तेव्हा काकींनी पेज करून दिली आणि "खातोस का भरवू?" म्हणून दरडावलं. तेव्हापासून त्यांच्यासाठी काही करायचं म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही.

वस्तीसमोर एक झरा आहे, आणि दोघांच्या मधून जुना रस्ता जातो. हायवे लांबून गेला तरी कारखान्यांकडच्या गाड्यांना हा रस्ता जवळचा पडतो. नव्या इमारती आल्या, मोटारसायकली वाढल्या, आणि पूर्वी ढोरं निवांत ओलांडायची तिथं आता माणसं धावत पलीकडं जातात. मी तर प्रत्येक वेळी डावीकडं, उजवीकडं आणि परत डावीकडं बघतो. काकी म्हणायच्या, "अरे, तू रस्ता ओलांडतोस का त्याची परवानगी मागतोस?"

पण आदल्या वर्षी गौरीच्या दिवशी त्यांचंच हसू गेलं होतं. इथं गौर म्हणजे तेरड्याची रोपं. सवाशिणी ती सुपात घेऊन झऱ्यावरून घरी आणतात. अनवाणी चालायचं, तोंडात पाण्याची चूळ धरायची, घरात गौर टेकेपर्यंत शब्द बोलायचा नाही, मागं बघायचं नाही. रस्त्याच्या मध्यावर एक मोटारसायकल काकींच्या पदराला घासून गेली. त्या ओरडल्या, चूळ सांडली. पुन्हा झऱ्यावर जाऊन पहिल्यापासून आणावी लागली. लागलं काही नाही, पण या वर्षी श्रावणातच त्यांनी सांगून टाकलं, "यंदा परसातल्या नळावरनंच आणीन. झऱ्याची हौस फिटली माझी."

त्या हे भांडी घासता घासता बोलल्या. पण आवाज ऐकून मला करमेना. त्यांच्या सासूनं, सासूच्या सासूनं झऱ्यावरनंच गौर आणलेली. ती माझ्या डोळ्यांदेखत नळावरनं यायची, आणि मी पेंटर असून बघत बसायचं?

मी सरपंचबाईंकडं गेलो. बोलताना घाम फुटला होता. म्हटलं, पांढरे पट्टे मारून देतो, मजुरी नको. त्यांनी विचारलं, "येतात का मारता?" मी हो म्हटलं. एस.टी. स्टँडाजवळचे पट्टे पावलांनी मोजून आलो होतो, एवढाच माझा अभ्यास. पंचायतीनं रस्त्याखात्याला विचारून होकार आणला, आणि गणपतीच्या चार दिवस आधी उघडीप बघून मी झऱ्याच्या वाटेसमोर पट्टे मारले. पाटीला वापरतो तोच ऑइल पेंट, दोन हात, वर चकाकी येईल असा. झाल्यावर लांबून बघितलं. झकास दिसत होते. आईला फोटो पाठवला. ती म्हणाली, "छान हायत रे. पण तू गाड्यांच्या मधी बसला होतास का?"

गणपतीच्या आदल्या दिवशी काका आले. काकींचे मालक मुंबईत एका इमारतीवर वॉचमन आहेत, वर्षातून दोनदा येतात. पट्टे बघून म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास, बॉस! आमच्या सोसायटीसमोर पण असे नायत." माझी छाती फुगली. दोनच दिवस फुगली.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर येऊन गेली. काकी दूर्वा आणायला पलीकडं निघाल्या, मी अंगणात ब्रश धूत होतो. दुसऱ्याच पट्ट्यावर त्यांचा पाय सर्रकन पुढं गेला. पडल्या नाहीत, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. एक रिक्षा थांबली. मी धावत गेलो, तर माझाही पाय सरकला आणि मी सगळ्यांसमोर बसलोच.

"पट्ट्यांना तेल पाजलंस काय रे?" काकी म्हणाल्या.

रिक्षावाला म्हणाला, "पेंटर, आधी माणसाला पाडायचं आन मग गाडी थांबवायची, अशी आयडिया हाय काय?"

सगळे हसले. मला हसू येईना. आमच्याकडं वर्षातले आठ महिने पाटीवर थेंब पडत नाही. रंग उडतो, तडकतो, हे मला ठाऊक. ओला झालेला गुळगुळीत रंग अनवाणी पायाखाली काय करतो, हे मी कधी बघितलंच नव्हतं. गौर उद्यावर आलेली. बायका अनवाणी येणार, तोंडात पाणी, पडल्या तर ओरडायचंही नाही. आणि काकींनी आदल्याच रात्री मला सांगितलं होतं, "तू एवढे पट्टे काढलेस, तर झऱ्यावरनंच आणते."

मी म्हटलं, "काकी, नळावरनंच आणा. मी हे खरवडून टाकतो."

त्या पट्ट्यावर वाकल्या, अंगठ्यानं घासून बघितलं. "खरवडतोस कशाला? आमच्या अंगणात शेवाळ धरतं तेव्हा आम्ही अंगण खरवडतो का? रेती टाकतो. वरनं टाकली तर गाड्यांनी उडंल. रंग ओला असताना टाक, म्हणजे धरंल."

एवढं साधं. नववी सोडलेल्या माझ्या डोक्यात ते आलं नाही, आणि चौथी शिकलेल्या त्यांच्या अंगठ्याला कळलं.

दुपारी ऊन पडलं. मी तारेच्या ब्रशनं चकाकी घासून काढली. नदीची रेती घरात होती, काकींनी ती पिठाच्या चाळणीनं चाळली. काका म्हणाले, "ती चाळण आता मोदकाला नको हां." अर्धा रस्ता आधी, अर्धा नंतर, असं ठरलं. काका मुंबईहून शिट्टी घेऊनच आले होते. बिनशिट्टीचे ते मला कधी दिसलेच नाहीत. गणपतीला आलेल्या गाड्यांची रांग लागली, आणि ते मधोमध उभे राहून हात दाखवत होते.

"ए काका, हटा की!" एका गाडीतून आवाज आला.

"हटणार नाय! व्हिजिटरनी थांबायचं!"

मी पातळ हात मारत पुढं सरकायचो आणि मागं काकी आणि शेजारच्या दोघीजणी चिमटीनं रेती सोडायच्या. रांगोळीचा हात तो, कुठं जाड नाही, कुठं विरळ नाही. मी घाईत पुढं गेलो की ओरडा बसायचा, "थांब रे, रंग सुकला तर तुझं डोकं चिकटवू काय त्याला?" संध्याकाळपर्यंत पट्टे झाले. चकाकी गेली, खरखरीत, मळकट पांढरे दिसत होते. पाटीवर असे असते तर मी कुणाला दाखवले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भुरभुर होती. आमच्या घरी त्याच दिवशी महालक्ष्म्या बसतात. आईचा फोन आला, मुखवटे मांडले म्हणाली, तुझ्या वाटणीची पुरणपोळी कुणाला देऊ विचारत होती. मी नीट बोललोच नाही. सगळं लक्ष रस्त्याकडं.

झऱ्याकडून सात-आठजणी आल्या. पुढं काकी, हातात सूप, गाल फुगलेले. काका शिट्टी तोंडात धरून उभे. पण शिट्टी वाजवायच्या आतच वळणावरून आलेला टँकर हळू झाला आणि पट्ट्यांच्या अलीकडं थांबला. क्लीनरनं खाली वाकून बघितलं आणि हात जोडले. मागच्या गाड्याही थांबल्या. हॉर्न नाही. ओल्या पट्ट्यांवर काकींची पावलं पडत होती, आणि प्रत्येक पाऊल उचललं की माझा श्वास सुटायचा. एकही घसरलं नाही. त्यांनी डावीकडं बघितलं नाही, उजवीकडं बघितलं नाही, सरळ घराकडं गेल्या.

गौर पाटावर टेकली. काकींनी अंगणात येऊन चूळ टाकली. मी दारातच होतो. झऱ्यापासून न बोललेल्या बाईचा पहिला शब्द काय येतो, याची वाट बघत.

"पट्टे आखूड झाले रे," त्या म्हणाल्या. "दोघी शेजारी चालल्या की एकीचा पाय कडेच्या डांबरावर जातो. दिवाळीच्या आधी लांब करून टाक. आत ये आता, हळदीकुंकवाला पुरुष लागत नाय, पण वाटल्या डाळीला लागतो."