पिंजाऱ्याची मांजर तुळईवर

कुंभार पिंपळगावात आमच्या शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. नवरा-बायको दोघंच. तो कापूस पिंजायचा आणि ती गाद्या-रजया भरायची. आमची भिंत सामाईक असल्यानं थंडीच्या दिवसांत सकाळपासून त्याच्या धनुकलीच्या तातीचा आवाज आमच्या घरात घुमायचा. घरात ते उर्दू बोलायचे, आमच्याशी मराठी. लग्न होऊन मी या गावात आले आणि सासूबाई सोडल्या तर सगळ्यांत जास्त बोलले ती या पिंजारणीशी. मी तिला चाची म्हणायची.

त्यांची एक करडी मांजर होती. भरून झालेल्या गाद्यांची थप्पी भिंतीशी रचलेली असायची आणि ही मांजरबाई कायम सगळ्यांत वरच्या गादीवर. खाली नुकत्या पिंजलेल्या कापसाचा ढीग पडलेला असे. त्याहून मऊ जागा साऱ्या गावात सापडली नसती, पण ती तिकडे ढुंकूनही बघायची नाही.

मला याचं फार कुतूहल वाटे. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, शिंक्यातल्या दुधावर नजर ठेवायला. पण चाचीच्या घरात शिंकंच नव्हतं. माझे यजमान म्हणाले, कुत्र्याच्या भ्यानं. पण पिंजाऱ्याचं दार कापूस उडू नये म्हणून सदा लोटलेलं, तिथं कुत्रं कुठून येणार? चाचीचं म्हणणं होतं की वर ऊब असते. हे मला पटलं. मी एकदा थंडीत थप्पीच्या वर हात धरून पाहिला, तर खरंच तिथली हवा जमिनीजवळच्या हवेपेक्षा उबदार होती. मग उन्हाळा आला. डोक्यावरचं माळवद तव्यासारखं तापलं, तरी मांजर वरच. मी चाचीला पुन्हा विचारलं, तेव्हा ती हसून म्हणाली, आता तिलाच विचार.

पुढं निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष आलं. रोज नवी आवई उठायची. बाजाराच्या दिवशीसुद्धा दुपारीच दुकानं आवरायला लागली. कोण कुणाला भीत होतं हे सांगता आलं नसतं. जो तो भीत होता. एके सकाळी चाची कापडानं तोंड बांधलेली टोपली घेऊन आमच्या अंगणात आली. जालन्याहून तिच्या भावानं गाडी पाठवली होती.

“आम्ही जाऊन राह्यलो,” ती म्हणाली. “हिला गाडीत न्हाई नेता येत. तू सांभाळ.”

मी टोपली आत नेऊन उघडली. मांजर बाहेर पडली, चहूकडे पाहिलं आणि खांबावरून सरळ तुळईवर गेली. छताच्या पार कोपऱ्यात जाऊन बसली ती बसलीच. दूध ठेवलं, भाकर कुस्करून ठेवली. आम्ही घरात असेपर्यंत उतरायची नाही. सगळे शेतात गेले की वाटी रिकामी झालेली असायची. घर सुटलंय तिचं, राहू दे, असं सासूबाई म्हणाल्या. एरवी मांजराला घरात फिरकू न देणारी ही बाई तिच्यासाठी स्वतः दूध बाजूला काढून ठेवू लागली.

तुळईच्या जवळ आमचा फळ्यांचा माळा होता. त्यावर सरपण आणि रिकामी पोती असत. एका दुपारी मी वाटी घेऊन शिडीनं वर चढले आणि ती काय बघते ते तरी बघू, म्हणून तिच्याशेजारी पोत्यावर बसून राहिले.

दार, अंगण, चूल, देवळी, सासूबाईंचं अंथरूण, सगळं एका नजरेत येत होतं. खाली वावरताना मला माझं घर असं कधी दिसलं नव्हतं. इतक्यात यजमान बाजारातून आले. त्यांनी पागोटं काढून ठेवलं, तांब्याभर पाणी प्यायले आणि खांबाला टेकून बसले. घरात कुणी नाही असं त्यांना वाटलं असावं. वर बघायचं तर कुणाच्या मनातच येत नाही. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. रोज आम्हाला, काही होत नाही, निवांत राहा, असं सांगणारा हा माणूस. मी वरून त्यांच्याकडे बघत राहिले. मांजरही त्यांच्याकडेच बघत होती. मग बाहेर सासूबाईंची चाहूल लागली, तसे ते चटकन उठले, तोंडावरून पंचा फिरवला आणि नेहमीच्या आवाजात आईशी बोलू लागले.

जेवणं झाल्यावर मी त्यांना म्हणाले, “तुम्हाला भ्या वाटत असंल तर आम्हाला सांगत जा. एकट्यानं बसू नका.”

तुला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. मी माळ्याकडे बोट केलं. त्यांनी वर पाहिलं, मांजर दिसली, आणि त्यांना हसू आलं. मग मात्र बाजारात काय काय ऐकलं ते त्यांनी आम्हा दोघींना सगळं सांगितलं. ऐकून भीती कमी झाली असं नाही, पण ती तिघांत वाटली गेली.

हळूहळू मांजर तुळईवरून माळ्यावर आली. माळ्यावरून ज्वारीच्या कणगीच्या झाकणावर. निजामाचं राज्य गेल्याची बातमी गावात पोचली तेव्हा ती दुपारची उंबऱ्याशी झोपायला लागली होती.

काही आठवड्यांनी पिंजारी आणि चाची परत आले. चाची दारात आली ती थबकलीच. मांजर तिच्या पायाशी, जमिनीवर पसरून झोपलेली.

“ही खाली झोपून राह्यली?” ती म्हणाली आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सासूबाईंनी गुळाचा चहा केला.

चहा पिता पिता मी तिला तुळईपासून उंबऱ्यापर्यंतची सगळी हकीगत सांगितली. भ्यालेलं मांजर वर जातं एवढं मला कळलं, म्हटलं. पण तुझ्या घरी कसलं भ्या होतं? तिथं गाद्यांवर का जाऊन बसायची, ते काही उमगत नाही.

चाचीनं डोळे पुसले, मांजरीकडे पाहिलं.

“आपल्यालाच बघत असंल,” ती म्हणाली. “घरात दुसरं काय हाय बघायला?”